मला वाकून वाचावं लागतं

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव गोड नाही. ज्याला खोट्या साक्षीला उभं केलं गेलं, तो गोड राहील कसा?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. काचेच्या बारीक नळीत लाल द्रव भरला, आधी बर्फात आणि मग ऊन पाण्यात बुडवून माझी परीक्षा घेतली आणि मला लाकडी पट्टीवर बसवलं. तिथल्या कारागिरानं मला एकच शिकवण दिली : जिथे असशील, तिथलंच सांग. ती मी आजवर मोडलेली नाही.

मला विकत आणलं ते ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडच्या मालकानं. ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या, भराभर वजन घेणाऱ्या कोंबड्या. मालकानं मला दाराच्या चौकटीवर, स्वतःच्या डोळ्यांसमोर टांगलं. का, तर मान वाकवायला नको. दारात झाडाची सावली होती, समोरून वारा यायचा. कोणी आलं की मालक मला टिचकी मारून म्हणायचा, "हा कधी खोटं बोलत नाही."

शेड सांभाळायला मालकिणीचा धाकटा भाऊ होता. शेडला लागून असलेल्या खोलीतच तो राहायचा. त्याच्यात आणि मालकात कायमचा छत्तीसचा आकडा.

एका उन्हाळ्यात कोंबड्यांची वाढ खुंटली. चोची उघड्या, पंख अंगापासून दूर धरलेले, नुसत्या धापा. मित्रांनो, तुम्हाला घाम येतो आणि अंग निवतं. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर घालवते आणि त्यातच तिची ताकद संपते. खाल्लेलं पचतानाही अंग तापतं, म्हणून ती खाणं टाकते आणि पाण्याशी बसून राहते. मग अंगाला लागणार काय?

मालकाला मात्र वेगळंच दिसलं.

"पोती तशीच पडलीत आणि पक्षी काडीसारखे. मेहुणेबुवा, खाद्य टाकता की पोत्यांवरच ताणून देता?"

"टाकतो. पण खात नाहीत. आत भट्टी झालीय, दाजी."

"भट्टी? ये इकडे. वाच."

"एकतीस."

"एकतीसला भट्टी म्हणतोस? तुझ्यापेक्षा हे लाकूड बरं. झोपत तरी नाही."

असा मी साक्षीदार झालो. मला तोंड असतं तर त्या माणसाला चार शब्द सुनावले असते.

त्याच दुपारी मालकानं स्वतः भांडी काठोकाठ भरली आणि काठीनं कोंबड्यांना उठवलं. भर उन्हाच्या वेळी त्या धडपडत उठल्या. काही जागीच कोसळल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत.

"ह्यासुद्धा माझ्या झोपेनं मेल्या का?" मेहुण्यानं विचारलं.

"जीभ आवर. संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर."

"करतो. तुम्ही त्या खिळ्यालाच विचारत बसा. पक्षी काय खिळ्याला टांगलेत?"

मालकानं मला खिळ्यावरून उपटलं आणि शेडच्या मधोमध भिरकावलं. मी जमिनीवर अंथरलेल्या भाताच्या तुसावर पडलो.

तिथे खाली वारा पोचतच नव्हता. चहूबाजूंनी तापलेली अंगं, खाली दमट तूस. माझा लाल द्रव चढतच गेला. बाहेर मेहुणा अंथरुणाची वळकटी बांधत होता.

चौकटीवरचा खिळा रिकामा बघून मालकीण मला शोधत आत आली. मला उचलून तिनं नीट बघितलं.

"अहो, अडतीस आहे."

"फेकल्यानं बिघडला असेल."

तिनं मला पुन्हा चौकटीवर टांगलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. मी हळूहळू उतरलो आणि एकतीसवर थांबलो.

"झाला का बरा?" ती म्हणाली. "इथे औषध बरं लागू पडतं त्याला."

तिनं फाटकाकडे जाऊन भावाला हाक मारली. तो वळकटीसकट परत आला, पण मालकाकडे त्यानं बघितलंही नाही. "ताई, बाजूचे पडदे गुंडाळून वर कर, वारा येऊ दे. मी गार पाणी भरतो. खाद्य आता ऊन उतरल्यावर आणि उद्या पहाटे." छतावर ओली पोती पडली. हळूहळू कोंबड्या पुन्हा खाऊ लागल्या. वाढल्याही, पण गेलेले दिवस भरून निघाले नाहीत.

मालकानं माफी मागितली असेल असं वाटतं तुम्हाला? छे. त्यानं फक्त एक खिळा घेतला आणि मला मधल्या खांबावर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठोकलं. ते दोघे अजूनही ताईमार्फतच बोलतात.

आता माझी काच धुळीनं माखली आहे, आकडे पुसट झालेत. पण मित्रांनो, काच नाही पुसलीत तरी चालेल. कोणाला किती सोसावं लागतंय हे जाणून घ्यायचं असेल, तर आधी त्याच्या उंचीवर या. मग त्याला आळशी म्हणा.

मालक रोज येतो, गुडघे टेकतो, मान खाली घालतो, तेव्हा कुठे त्याला माझा आकडा दिसतो. पाठ दुखते म्हणून कुरकुरतो.

दुखू दे.