जवसाचे तेल प्यालेली फटफटी

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी आहे आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत फार नखरेल आहे. आजच्या गाड्यांचे पेट्रोल वेगळे आणि इंजिनचे तेल वेगळे. माझे इंजिन दोन स्ट्रोकचे, त्यामुळे मला पेट्रोलमध्येच तेल कालवून द्यावे लागते. तेही माझेच तेल आणि मापातच. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचे सारे रामायण तेलावरूनच घडले.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण मला आठवते ते सालेकशाचे जंगल. माझे मालक कन्हैयालाल विडीच्या तेंदूपानांच्या फळीवर मुनशी होते. फळी म्हणजे जंगलातून तोडलेल्या पानांचे पुडे मोजून घेतात ती जागा. उन्हाळाभर आम्ही या फळीवरून त्या फळीवर हिंडायचो. रस्ता कसला, बैलगाडीची चाकोरी! कुठे नाल्यातली वाळू, कुठे मोहाची उघडी मुळे. जिथून जीप माघारी फिरायची, तिथून मी धूर सोडत ऐटीत पुढे जायचे. माझा आवाज ऐकून लोक म्हणायचे, "कन्हैयालालची घोडी आली." खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

मग घरात नवी गाडी आली आणि माझी रवानगी गुरांच्या कोठ्यात झाली. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली आणि उंदरांनी सायलेन्सरमध्ये धान साठवले. मी गंजत राहिले.

यंदा पावसाळ्यात मालक पाठीच्या दुखण्याने खाटेवर पडले. पुढे दुखणे बरे झाले, पण माणूस काही उठेना. जेवण पुढे केले तर जेवायचे, नाही तर आढ्याकडे बघत राहायचे. त्यांची लेक रविता आमगावला पाण्याचे पंप दुरुस्त करते. एका रविवारी तिने मला ओढत अंगणात आणले.

"बाबूजी, हिले कसा खोलाचा? मले तं काही समजूनच नाई राहिला," ती म्हणाली. तिला सारे समजत होते, पण मालक खाटेवरून उठून स्टुलावर येऊन बसले.

त्यांची बायको शांतीबाई मात्र वैतागली. "धान घरी आला का पोते कोठ्यात ठेवाचे आहेत. तोपर्यंत चालली तं ठीक, नाई तं भंगारवाल्याले देऊन टाकीन," तिने बजावले.

मग बापलेक हात धुऊन माझ्या मागे लागले. टाकीत बारीक खडे घालून खळखळवले आणि गंज काढला. सायलेन्सर तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, जाळात भाजला, तेव्हा काजळीबरोबर उंदरांच्या धानाच्या लाह्याही बाहेर पडल्या! मालक पोट धरून हसले. दारात उभी असलेली शांतीबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. दसऱ्याला मला हार घातला, मालकांनी किक मारली आणि मी सुरू झाले. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या गावी मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. मालक जायला निघाले, कपडे बदलायला आत गेले. रविता कामावर होती. शांतीबाईला माझ्या तेलाची बाटली रिकामी दिसली. या गाडीला पेट्रोलमध्ये तेल लागते, एवढेच तिला ठाऊक होते. तिने घाण्यावरचे जवसाचे तेल आणून माझ्या टाकीत ओतले.

काय सांगू मित्रांनो! मंडईच्या रस्त्याने माझा भज्यांसारखा वास सुटला. जवसाचे तेल तापले की डिंकासारखे चिकटते. परतल्यावर इंजिन थंड झाले आणि पिस्टन जागीच बसला. किक खाली जाईना. मालकांनी टाकीचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"उद्या धान येऊन राहिला, म्हनून मारली ना तू हिले?" ते ओरडले.

"मारली? घान्याचा तेल होय तो, तुमच्या जेवनासाठी ठेवला होता," शांतीबाई म्हणाली. "बाटली रिकामी दिसली. तुम्ही मंडईले निघाले होते. किती दिवसांनी हासले जी तुम्ही! मी कायले मारीन तिले?"

ती पदराने डोळे पुसत आत गेली. मालक अंगणातच उभे राहिले. मला बोलता आले असते तर मी तिचीच बाजू घेतली असती.

दुसऱ्या दिवशी धानाचा ट्रॅक्टर आला. पोती कोठ्यात टाकू का, असे गड्याने विचारले. माझा जीव टांगणीला लागला.

"कोठ्यात गाडी खोलाची आहे," शांतीबाई म्हणाली. "पोते आमच्या खोलीत टाका. आम्ही ओसरीवर झोपू."

मालकांनी तिच्यासाठी दुसरे स्टूल आणून ठेवले. दोघांनी मिळून माझा पिस्टन रॉकेलने धुतला. नवे तेल आले, तेव्हा तिने विचारले, "सांगा जी, किती टाकाचा?" मालकांनी माप तिच्याच हातात दिले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोठ्यात, माळ्यावर माझ्यासारखे कुणी पडले असेल. त्याला बाहेर काढा, पुसा. मात्र काही ओतण्याआधी त्याला काय चालते ते विचारून घ्या. आणि कुणी मायेपोटी न विचारता ओतलेच, तर ओरडण्याआधी का ओतले, ते त्यालाही एकदा विचारा.