जुन्या पत्त्याचं बटण

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या. एक गोष्ट सांगतो. गोड नाही, पण शेवटपर्यंत ऐका.

मी एक जुनं बटण आहे. शर्टाचं नाही, दाराच्या घंटीचंही नाही. एका पीडीएफ अर्जाच्या तळाशी करड्या रंगाची चौकट आहे आणि तिच्यात लिहिलंय, 'पाठवा'. तोच मी.

माझा जन्म एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑफिसात झाला. ज्यांना जिना उतरवत नाही अशा पेशंटना आणायला हॉस्पिटलची गाडी घरी जायची. तिच्यासाठी दर महिन्याला अर्ज करावा लागे. आधी लोक तो छापून, हाताने भरून खिडकीवर नेऊन देत. घरी माणूस अंथरुणाला खिळलेलं आणि त्याचं कुणीतरी इथे रांगेत ताटकळलेलं. ते बघून ऑफिसातल्या प्रोग्रामर ताईचा जीव तुटायचा. तिने वेबसाइटसाठी एक प्रोग्राम लिहिला. कुणी अर्ज आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला की प्रोग्राम त्याच्या तळाशी मला बसवायचा आणि माझ्या पोटात एक पत्ता घालायचा. मला दाबलं की अर्जातली माहिती त्या पत्त्यावरच्या मशीनकडे न्यायची, आणि मशीन जे उत्तर देईल ते पडद्यावर दाखवायचं. उत्तर ठरलेलं असे: 'धन्यवाद, तुमचा अर्ज मिळाला.'

देवाने ज्याला त्याला एकेक काम नेमून दिलंय म्हणतात. माझं हे एवढंच. सांगितलेल्या पत्त्यावर नेणं.

तिथून मी एका घरी आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुढच्या खोलीत खिडकीखाली कॉम्प्युटर आणि दाराशी हातांची खुर्ची. घरात एक निवृत्त बस कंडक्टर आणि त्यांची बायको. सगळी बिल्डिंग त्यांना कंडक्टरकाका आणि काकू म्हणे. काकांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. त्यांच्या भाचीने अर्ज एकदाच उतरवून कॉम्प्युटरवर ठेवला आणि काकूंना शिकवलं, दर महिन्याला हाच उघडायचा, तारखा बदलायच्या, बटण दाबायचं.

काकू चष्मा पुसून बसत आणि एकेक अक्षर शोधून टाइप करत.

"झालं का?" काका खुर्चीतून विचारत. "एवढ्यात मी अख्ख्या बसची तिकिटं फाडून मोकळा झालो असतो."

"तुमच्या तिकिटावर नाव-पत्ता लिहायचा नसायचा."

"पुढे चला, पुढे चला."

काकू मला दाबत. धन्यवाद उमटे. "आला हो होकार," असं म्हणून त्या पडद्याला हात लावत आणि तो हात कपाळाला टेकवत. मित्रांनो, एवढा मान फार थोड्या बटणांच्या वाट्याला येतो.

गाडीच्या दिवशी काका कधीचे तयार असत. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, नजर जिन्याकडे. ड्रायव्हरदादा आणि मदतनीस वर येऊन त्यांना खुर्चीसकट उचलत.

"वळणावर सांभाळा. स्टँडिंग घेऊ नका," काका बजावत.

"काका, सीटवर तुम्ही एकटेच. आम्ही दोघं स्टँडिंगच," ड्रायव्हरदादा म्हणे, आणि तिघांचं हसू जिन्यातून खाली उतरत जाई.

मग हॉस्पिटलने अर्ज घेणारं मशीन बदललं. पत्ताही बदलला. वेबसाइटवरून नव्याने उतरणाऱ्या अर्जांच्या पोटात ताईने नवा पत्ता घातला. पण जे आधीच लोकांच्या घरी जाऊन बसले होते त्यांचं काय? आमच्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. त्या महिन्यात काकूंनी मला दाबलं आणि मी नेहमीसारखा जुन्या पत्त्यावर गेलो. रिकाम्या घराची कडी वाजवावी आणि आतून कुणीतरी 'या' म्हणावं, तसं उत्तर आलं. धन्यवाद, तुमचा अर्ज मिळाला.

सोमवारी काका बूट घालून बसले. गाडी आली नाही.

"फोन करते मी," काकू म्हणाल्या.

"करायचा नाही. मिळाला म्हणून आलंय ना? मग गाडी येणार. जरा उशीर झाला की बोंबलणारे प्रवासी मी जन्मभर सोसलेत. मला त्यांच्यातला करू नकोस."

बुधवारीही आली नाही. पाय इतके सुजले की बुटांचे बंद सोडून ठेवावे लागले. काकूंनी मला पुन्हा दाबलं. धन्यवाद. परत दाबलं. धन्यवाद. काका पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ. येणार म्हणतायत."

शुक्रवारी काकांना धाप लागली तेव्हा काकूंनी त्यांना न विचारता फोन लावला.

"या महिन्यात तुमचा अर्जच नाही आमच्याकडे," पलीकडची बाई म्हणाली.

"अहो, समोर दिसतंय मला. मिळाला म्हणून."

"मग चढेल यादीत. वाट बघा."

काकूंनी फोन ठेवला आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. चौघांनी खुर्ची उचलली. खालच्या वळणावर ती टेकवल्याचा आवाज मला वर ऐकू आला. पुन्हा उचलल्याचा आला नाही.

काही दिवसांनी ड्रायव्हरदादा भेटायला आला. दारातच उभा राहिला. "यादीत नाव नव्हतं, मला वाटलं काका आधीच गेले," तो म्हणाला. "आमच्याकडे नाव गळलं की कुणी विचारत नाही, काकू. कारण बहुतेक तेच असतं."

त्यानेच ताईला जाऊन सांगितलं. ताई आली, तिने अर्ज उघडला, माझ्या पोटातला पत्ता बघितला आणि तिचा हात तसाच थांबला.

"हा पत्ता बंद झालाय. तुमचे अर्ज जुन्या मशीनवर पडून आहेत. तिथे कुणी बघत नाही."

"मग ते धन्यवाद कोण म्हणत होतं?"

"मशीनच. मी साहेबांना म्हटलं होतं, जुन्या मशीनला सांगू दे की पत्ता बदललाय, फोन करा. ते म्हणाले, फोनवर दोनच बायका आहेत, नाही म्हटलं की सगळे फोन करत सुटतील. आहे तसं राहू दे, जुने अर्ज हळूहळू संपतील. मग मीही गप्प बसले."

काकू दाराशी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

"ते नाही म्हणालं असतं, तर ह्यांनीच मला फोन करायला लावला असता," त्या म्हणाल्या. "बंद पडलेल्या बसमध्ये ह्यांनी कधी प्रवासी चढू दिला नाही. दारात आडवे उभे राहायचे. लोक शिव्या घालायचे, तरी."

ताईने तिथेच बसून, साहेबांना न विचारता, जुन्या मशीनला नवं उत्तर शिकवलं. मग काकूंना म्हणाली, "दाबून बघा."

काकूंनी मला दाबलं. पडद्यावर आलं: 'हा अर्ज पोचलेला नाही. कृपया फोन करा.' खाली नंबर होता.

"हं. आता खरं बोलतंय," काकू म्हणाल्या. या वेळी त्यांनी पडद्याला हात लावला नाही.

"हे पुसून टाकू का?" ताईने विचारलं.

"राहू दे."

तेव्हापासून मी इथेच आहे. मला कुणी उघडत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी माझ्यासारखं बटण घडवील. त्याला हो म्हणायला शिकवणं सोपं आहे. आधी नाही म्हणायला शिकवा. ते न पोचता हो म्हणू लागलं, तर पलीकडचा माणूस त्या शब्दावर जीव ठेवून बसतो. मला विसरलात तरी चालेल. पण पडद्यावर धन्यवाद उमटेल तेव्हा, इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांचे बंद सोडून दाराशी बसलेल्या आमच्या कंडक्टरकाकांची तेवढी आठवण ठेवा.