ठेवायची झाडं: निल

दुबईत देऱ्यातल्या मालवाहतुकीच्या ऑफिसात अल्बर्ट चौतीस वर्षं कागदपत्रं भरत होता आणि एवढ्या वर्षांत त्याने एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. लिहायला काही नसेल तर 'निल' लिहायचं. कोरा रकाना दिसला की कागद परत येतो, ही त्याची पक्की समजूत. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'ॲलर्जी'पुढे निल, चर्चच्या फॉर्मवर 'सूचना'पुढेही निल. ऑफिसातला अजीज त्याला निलभाई म्हणूनच हाक मारायचा.

ती मुलगी, एलिशा, शारजात रोल्ला भागातल्या फ्लॅटमध्ये वाढली. तिथे बाल्कनीतला कढीपत्तासुद्धा दर जुलैत करपायचा. आणि शिकायला गेली ती जंगलाचं शास्त्र, तेही फिनलंडला! तिकडे साध्या नोकरदारांच्याही मालकीची जंगलं असतात हे ऐकून अल्बर्टला हसू आवरेना. पण तिने खरोखरच साडेसात एकर जंगल विकत घेतलं. व्हिडिओ कॉलवर पांढऱ्या सालीचं एक बर्चचं झाड दाखवलं. त्याच्या बुंध्याला तिने आजीच्या लुगड्याची तांबडी किनार बांधली होती.

"डॅडी, मम्मी, धिस वन इज युवर्स. कम अँड सिट."

"इन्शाल्ला, पुढच्या वर्षी," अल्बर्ट म्हणाला. चार वर्षं तो हेच म्हणत राहिला.

गेल्या वर्षी जानेवारीत बर्फावर तिची गाडी घसरली. माती गावी, वसईला दिली. नवरा नव्हता, मूल नव्हतं, म्हणून जंगल आईबापाच्या नावावर आलं.

त्याच्या बायकोने, इनेजने, मग एकच धोशा लावला. "त्या झाडाखाली ती आपली वाट बघत होती रे. एकदा बसू दे मला तिथे. मग काही मागणार नाही." तिला घेऊन येत्या जूनमध्ये जायचं, हे अल्बर्टने मनाशी नक्की केलं.

त्याआधी तिथल्या वनमालकांच्या संस्थेतून हेन्ना नावाच्या बाईंचा फॉर्म आला. स्प्रूसची झाडं जुनी झाली आहेत, कीड लागण्याआधी तोडून नवी रोपं लावायची, अशी एलिशानेच आखलेली योजना होती. मुलीचा शब्द म्हणून अल्बर्ट सही करायला बसला. तोडायचे ते स्प्रूस, बर्चला कोण हात लावतंय, असं तो धरून चालला. अठराव्या रकान्यात लिहिलं होतं, 'रिटेन्शन'. आखातात हा शब्द कुणालाही विचारा: काम संपलं तरी मालक ठेकेदाराचे दहा टक्के अडकवून ठेवतो, ते रिटेन्शन. आपल्या पोरीच्या जंगलात कुणा गरिबाचा पैसा अडकायला नको, या भल्या विचाराने अल्बर्टने सुवाच्य अक्षरात लिहिलं: निल.

मार्चमध्ये हेन्नाबाईंचा ईमेल आला, सोबत एक फोटो. बर्फात नुसते कापलेले खुंट. पुढच्या एकाची साल पांढरी होती.

'तोडणीत कोणती झाडं उभी ठेवायची, ते अठराव्या रकान्यात लिहायचं असतं,' बाईंनी लिहिलं होतं. 'बहुतेक मालक दोनचार तरी ठेवतात. लाल पट्टीच्या बर्चपाशी मशीनवाल्याने काम थांबवून मला फोन केला होता. मी तुमचा फॉर्म पाहिला. तुम्ही अगदी स्पष्ट निल लिहिलं होतं.'

अल्बर्टने ते तीनदा वाचलं. परक्या माणसाचा हात थांबला होता. तो पुढे चालवला बापाने. आपण आपल्या लेकीला दुसऱ्यांदा गमावलं, असं त्याला वाटलं आणि भर ऑफिसात त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"क्या हुआ, निलभाई?" अजीजने विचारलं.

"वो नाम से मत बुला," अल्बर्ट म्हणाला. "खलास."

घरी इनेज व्हिसाचा फॉर्म घेऊन बसली होती. पलीकडे नवीन स्वेटरची पिशवी होती. किती महिन्यांनी तिचा चेहरा जरा उजळला होता.

"सगळं भरलं बघ. अपॉइंटमेंट गुरुवारची आहे. फक्त हे राहिलं, पर्पज ऑफ व्हिजिट. 'टू सिट अंडर अवर डॉटर्स ट्री' असं लिहिलं तर हसतील का रे?"

अल्बर्ट बूटही न काढता उभा राहिला.

"तो रकाना रिकामा ठेव," तो म्हणाला.

इनेजने मान वर केली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि असं काही तिने या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिने हळूच पेनाचं टोपण लावलं.

"झाड गेलं?" तिने विचारलं.