माझ्या पोटातले एक लिटर

मी एक जुने पितळी माप आहे, मित्रांनो. लिटरचे. सध्या तेलाच्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात बसले आहे, त्यामुळे कुणी कुणी मला फुलदाणी समजते. समजू द्या. पण एके काळी माझ्या पोटात बरोबर एक लिटर मावत असे, थेंब कमी नाही की जास्त नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा तपासनिसाने मला काठोकाठ पाण्याने भरून पाहिले आणि काठावर शिक्का ठोकला. दुखले, पण त्या शिक्क्याचा मला फार तोरा होता. तिथून मी काकूंच्या दुकानात आले. काकू मला तेलात बुडवून वर काढत, बाहेरचे थेंब पिंपात निथळेपर्यंत थांबत आणि मगच गिऱ्हाइकाच्या बाटलीत ओतत. कितीही गर्दी असली तरी त्या थांबत. त्या हाताची मला अजून फार आठवण येते.

एके सकाळी खानावळीचा आचारी तणतणत आला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके उभी होती.

"काकू, लिटर म्हणजे किलो ना? मी तेल तोलून बघितलं. नऊशे पंधरा ग्रॅम भरलं! तुमचं हे माप खोटं आहे."

गिऱ्हाइके एकमेकांकडे पाहू लागली. काकूंचे दुकान विश्वासावर चालत होते. विश्वास गेला असता तर दुकानही गेले असते. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

काकूंनी तराजू पुढे ओढला. एका पारड्यात मला रिकामे ठेवले आणि दुसऱ्यात माझ्याइतके वजन टाकून काटा सरळ केला. मग मला पाण्याने भरले. बरोबर एक किलो! पाणी ओतून, मला कोरडे पुसून तेल भरले. नऊशे पंधरा ग्रॅम.

"माप तेच, आतली जागा तेवढीच," काकू म्हणाल्या. "तेल पाण्यापेक्षा हलकं असतं रे बाबा, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. आता मध भरते, बघ."

मध भरला चौदाशे ग्रॅम.

"मध नेतोस तेव्हा नाही आलास भांडायला! वरचे चारशे ग्रॅम काय मी तुला फुकट देत होते?"

सगळे खो खो हसले. आचाऱ्याने कान पकडले. "चुकलं, काकू. मला वाटलं, लिटरभर काहीही घेतलं तरी किलोच भरतं."

पुढे तो स्वतःच मला हातात घेऊन नव्या गिऱ्हाइकांना हे समजावून सांगू लागला. काय दिवस होते ते!

मग एकदा काकूंच्या लेकीच्या तेलकट हातातून मी निसटले आणि दगडी पायरीवर आपटले. कुशीला पोचा पडला. लेकीने घाईघाईने मला तराजूत ठेवले.

"आई, वजन तेवढंच आहे. काही कमी झालेलं नाही."

"पितळ तेवढंच आहे गं. आतली जागा कमी झाली असेल."

त्यांनी मला पाण्याने भरून तोलले. नऊशे ऐंशी ग्रॅम.

"वीस ग्रॅमनं काय होतंय?" लेक म्हणाली.

काकूंनी मला स्वच्छ पुसले आणि वरच्या फळीवर ठेवले. म्हणाल्या, "आता यानं कुणाला तेल द्यायचं नाही."

नवे स्टीलचे माप आले. काकूंच्या हातात ते पाहताना माझा जीव तुटायचा. काही वर्षांनी काकूही गेल्या. दुकान लेक चालवू लागली.

परवा दुकानात झुंबड उडाली होती आणि नवे माप सापडत नव्हते. लेकीने मला खाली काढले, फुंकर मारली, फडक्याने पुसले. मी पिंपावर आले. किती वर्षांनी तेलाचा वास इतक्या जवळून आला! एवढ्यात तिचे लक्ष माझ्या कुशीच्या पोच्याकडे गेले. तिचा हात थांबला.

"जरा थांबा हं," ती गिऱ्हाइकांना म्हणाली, "माप शोधते."

मी पुन्हा फळीवर आले. मला रडू आले आणि त्या पोरीचा अभिमानही वाटला.

मित्रांनो, तुमच्या घरातले माप हळूच ठेवा, आपटू नका. आणि कधी या दुकानात आलात तर मला एकदा काठोकाठ भरा. नुसते पाणी असले तरी चालेल. फक्त लिटर म्हणून ते कुणाला देऊ नका.