पालेबाबांचा रुमाल

बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिथं गवताची काडी उगवत नसे, तिथं पालक कसा तरारला होता! पानांवर जांभळी झाक होती. ते म्हणे पालेबाबांचं तेज.

"विष होतं या मातीत, विष!" बाबा गरजले. "माझ्या फुंकरीनं पालकानं ते पचवलं! हे पान खा, तुमचा रोगही पचेल!"

मग बाबांनी रोजच्यासारखं एक पान तोंडात कोंबलं, डोळे मिटून चावलं, रुमालानं तोंड पुसलं. लोकांनी माना डोलावल्या.

पुढच्या रांगेत बसलेल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी तेवढी मान डोलावली नाही. त्यांची धाकटी बहीण वर्षभर हाच पालक खाऊन आता डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली होती. किती समजावलं, तरी तिचं एकच पालुपद, "अगं ताई, बाबा स्वतः खातात की!" बाईंनी पानं तपासली. बॅटऱ्यांतलं विषारी कॅडमियम खच्चून भरलेलं. मग हा मेला ठणठणीत कसा? म्हणून त्या रोज येऊन नुसतं त्याचं तोंड बघत बसत होत्या. आज त्या उठल्या.

"बाबा, तो रुमाल द्या. डोळ्यांना लावते."

"पवित्र आहे तो, बाई. हात लावू नये."

"अहो, द्या की बाबा!" मागून कुणीतरी म्हणालं.

बाबांनी मूठ आवळली. बाईंनी हिसका दिला, तसा चघळलेल्या पानाचा लगदा बदकन खाली पडला.

"अगं बाई! हे तर खातच नाहीत!" एक म्हातारी किंचाळली.

बाईंनी मूठभर पानं खुडून बाबांच्या तोंडासमोर धरली. "गिळा. माझ्या बहिणीनं गिळली तशी. थुंकायचं नाही!"

"मारता की काय मला!" बाबा मागं सरकत ओरडले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

"ऐकलंत?" बाई गर्दीकडे वळल्या. "पालकानं काही पचवलेलं नाही. मुळांतून विषारी धातू आला की रोप त्याला धरून ठेवणारी रसायनं तयार करतं आणि पानांच्या पेशींत कोंडून टाकतं. म्हणून ते जगतं. ही जांभळी झाक तेज नाही, रोपाला होणारा त्रास आहे. धातू पचत नसतो! रोपानं तो पानात ठेवला, यानं रुमालात, आणि माझ्या बहिणीनं मूत्रपिंडांत."

पोलीस येईपर्यंत लोकांनी बाबांना जागचं हलू दिलं नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलेल्या त्या माणसाकडे बाईंनी डोळे भरून पाहिलं. त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. बहीण मात्र यंत्राशीच राहणार होती.

जाता जाता त्या म्हणाल्या, "यापुढं कुणी विष पचवलं म्हणालं, तर हात जोडू नका. एवढंच विचारा, मग ते गेलं कुठं?"