बिनधुराचा विस्तव

मित्रांनो, माझ्या अंगावर पत्रा आहे आणि पोटात माती. दौंडच्या एका कारागिराने तेलाचा डबा कापून, आतून माती लिंपून माझी शेगडी घडवली. तेव्हापासून मी साधनाताईंच्या घरी आहे.

या ख्रिस्ती घरातून पाहुणा कधी उपाशी गेला नाही. ताईंचे सासरे, जालिंदर आबा, म्हणत, "दारात आलेला माणूस प्रभूनं धाडलेला असतो." त्यांचा एक नियम होता. जेवणाआधी प्रार्थना व्हायची, पण पाहुणा ताटावर बसल्याशिवाय ती सुरू होत नसे. नाताळात माझ्यावर वीस वीस जणांचा चहा होई. "काय ऊब हाय शेगडीची!" असे कुणी म्हटले की मला अभिमान वाटे. मग गॅस आला आणि मी माळ्यावर गेले. तिथे बरीच वर्षे गेली.

गेल्या जानेवारीत एका ढगाळ, गारठ्याच्या दुपारी मला खाली काढले. सारिका नावाची एक बाई महिन्याच्या लेकीला दवाखान्यात दाखवून बसथांब्यावर कुडकुडत उभी होती. वडगाव रासाईकडे जाणारी गाडी संध्याकाळी होती. ताई तिला घरी घेऊन आल्या.

"आवो ताई, वळख ना पाळख, कशाला तरास?"

"तुझ्यासाठी न्हाई गं, लेकीसाठी आणलंय. तू आपली फुकटात," ताई हसल्या. सारिकाही हसली.

ताईंनी तिला मागची छोटी खोली दिली. अंगणात माझ्यात कोळसे पेटवले. धूर संपून ते लालभडक झाल्यावर मला खाटेजवळ आणून ठेवले. बाळाला वारे लागू नये म्हणून खिडकी लावली, फटीत फडके कोंबले आणि जाताना दारही ओढून घेतले. हे सगळे मायेने केले.

धूर दिसला असता तर कुणीतरी खिडकी उघडली असती. पण लाल कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोके जड होते, मग झोप येते. सारिका कपाळ चोळू लागली, मग आडवी झाली. बाळ रडत होते. त्याचे रडणे बारीक झाले, आणि थांबले. मला फक्त जळता येते. मी जळत राहिले.

बाहेर ताटे वाढली होती. ताईंची आठ वर्षांची सायली कुरकुरली, "आई, भूक लागली! मावशीला झोपू दे की."

"व्हय आबा, लई दमलीय ती," ताई म्हणाल्या. "बाळ पण आत्ता कुठं गप झालंय. ताट झाकून ठेवते."

"पाहुणी उपाशी आन् आपण देवाचं नाव घ्यायचं? हाक मार तिला."

"अवं पण आबा, झोपमोड..."

"झोप काय, जेवून पण येती. मार हाक, पोरी."

ताईंनी हाक मारली. उत्तर आले नाही. पुन्हा मारली. मग दार ढकलले. सारिकाचा हात खाटेखाली लोंबत होता.

ताई किंचाळल्या आणि बाळाला घेऊन अंगणात धावल्या. आबांनी श्वास रोखून खिडकी उघडली. दोघांनी सारिकाला ओढत बाहेर आणले. शेजाऱ्यांच्या जीपने तिघी दवाखान्यात पोहोचल्या. तिथे नळीने प्राणवायू दिला. बाळाने दोन तासांनी डोळे उघडले. सारिका दुसऱ्या दिवशी बोलली.

ताईंनी मला भंगारात दिले नाही. "दुसऱ्या कुणाच्या बंद खोलीत जाईल ही," म्हणाल्या. आता मी अंगणातच असते. थंडीत पाहुणे माझ्याभोवती बसतात, पण ताई अजूनही माझ्याकडे पाठ करून बसतात.

मित्रांनो, पाहुण्याला ऊब जरूर द्या, पण विस्तव बंद खोलीत नेऊ नका. आणि पाहुणा बराच वेळ गप्प असेल, तर दमला असेल म्हणून सोडून देऊ नका. मला हाक मारता येत नाही. तुम्ही मारा.