तीनशे मीटरपर्यंतच

ताईच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दोघींनी तळं पोहून पार करायचं असं फोनवर ठरलं, तेव्हा धाकटीने हो म्हणायला एक क्षणही घेतला नाही. आठशे मीटर तर होतं. पूर्वी दर सुट्टीत दोघी ते पार करायच्या. त्याला सत्तावीस वर्षं झाली होती खरी, पण वाढदिवसाला अजून चार महिने होते, आणि पोहणं काही कुणी विसरत नाही.

धाकटीचं स्वतःचं पार्लर होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने नवी टोपी आणि नवा चष्मा घेतला आणि सकाळी सहाला तरणतलावावर जायला लागली. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांतच दम संपला. तिसऱ्या आठवड्यात ती चाळीस मारत होती. तिने ताईला कळवलं. ताईचं लगेच उत्तर आलं, "बदका, तू म्हातारी होणार आहेस की नाही?" बदक हे तिचं लहानपणापासूनचं नाव. त्या दिवशी पार्लरमध्ये बदक शीळ घालत कामाला लागलं.

डावा खांदा त्याच आठवड्यात कुरकुरायला लागला. शाळेतले पोहण्याचे सर म्हणायचे, दुखतंय म्हणजे काम होतंय. धाकटीने त्यांचं ऐकून फेऱ्या पन्नास केल्या.

मग एका दुपारी ती एका बाईंचे केस कापत होती. डाव्या हाताने बट कंगव्यावर घेऊन वर उचलायची, उजव्याने कापायची, हे ती दिवसातून शेकडो वेळा करायची. या वेळी हात खांद्याच्या उंचीपर्यंत गेला आणि तिथूनच खाली आला. कंगवा बाईंच्या मांडीवर पडला.

"एवढे जड झाले का हो माझे केस?" बाई हसल्या.

धाकटीही हसली, पण कंगवा तिने उजव्या हाताने उचलला. हा हात गेला तर पार्लरला कुलूप. हौसेने पोहायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं तिला झालं.

फिजिओ तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होती. तिने हात वर, बाजूला, पाठीमागे नेऊन पाहिला.

"फाटल्यासारखं वाटत नाही, सूज आहे. किती दिवसांत पन्नास फेऱ्यांवर गेलात?"

"महिन्याभरात. दम लागतच नव्हता. आणि दुखतंय म्हणजे काम होतंय, असं आमचे शाळेतले सर म्हणायचे."

"दम लवकर परत येतो हो. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते ना, तिला महिने लागतात. दम म्हणतो चल, दोरी म्हणते थांब. तुम्ही दमाचं ऐकलंत."

"दोरी काही बोलली नाही पण."

"बोलत होती. तुम्ही तिला सर काय म्हणायचे ते सांगत बसलात."

धाकटीला एक कोडं पडलं होतं. ती उजव्या हाताची, मग दुखतो तो डावाच का? फिजिओलाही ते जाणून घ्यायचं होतं. दोन आठवडे धाकटीने हात अंगालगत ठेवून नुसते पाय मारले. सूज उतरल्यावर तलावावरच्या जीवरक्षकाने समोरून तिचा व्हिडिओ काढून दिला. त्यात सगळं दिसलं. तिचं डोकं दर वेळी उजवीकडेच वळत होतं. ते वळलं की पुढे ताणलेला डावा हात आत सरकायचा, नाकाची रेघ ओलांडून पलीकडे जायचा आणि अंगाचा भार त्या पिळलेल्या खांद्यावर पडायचा. दर फेरीला आठ-दहा वेळा.

"उजवीकडे काय ठेवलंय एवढं?" फिजिओने विचारलं.

"ताई," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "ती उजवीकडून पोहायची. पुढे गेली का, ते बघायचे मी."

"आणि आता?"

"आता रिकामी लेन."

दोघी हसल्या. पण धाकटीने तो व्हिडिओ घरी पुन्हा लावला. इतक्या वर्षांनी तिथे कुणी नव्हतं, तरी मान वळून बघत होती.

मग रबरी पट्टा ओढण्याचे व्यायाम आले. तीन हात मारून एक श्वास, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. हात खांद्याच्या सरळ रेषेत पाण्यात जायला हवा. पार्लरमध्ये गर्दी झाली की दुसऱ्या दिवशी सुट्टी. डावीकडून श्वास घ्यायला शिकताना पहिल्या आठवड्यात तिने अर्धा तलाव पिऊन टाकला.

"तळ्याचं काय?" तिने विचारलं.

"तीनशे मीटर. आणि दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही."

ताईला सांगणं त्याहून अवघड गेलं.

"तीनशे? म्हणजे पाय धुवायला येणार आहेस का?"

"ताई, हात गेला तर मी खाऊ काय?"

"नाटकं नुसती. शब्द दिला होतास," म्हणत ताईने फोन ठेवला. आठ दिवस फोन नाही. पण तारीखही रद्द केली नाही.

वाढदिवसाच्या सकाळी पाणी गार होतं. नावेला शिडी लावून नाववाला बाजूने चालला होता. दोघी एका लयीत निघाल्या, आणि धाकटीला वाटलं, अंगाला सगळं आठवतंय. नाववाल्याने हात वर केला. तीनशे झाले.

ती थांबली. खांदा एकदम ठीक होता. पलीकडचा काठ स्पष्ट दिसत होता, तिथल्या पायऱ्यासुद्धा मोजता येत होत्या. ताई पुढे जाऊन वळली आणि जागच्या जागी पाय मारत ओरडली, "काय झालं? दुखतंय?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"मग चल की, बदका! माझा वाढदिवस आहे आज!"

धाकटीने एकदा काठाकडे पाहिलं. दम म्हणत होता, चल.

"दुखत नाहीये म्हणूनच थांबतेय," ती म्हणाली आणि शिडीला उजवा हात घातला.

ताईने तोंड वाकडं केलं आणि एकटीच पुढे निघाली. नाव तिच्या बाजूने चालली. धाकटी टॉवेल गुंडाळून बसली होती. दर थोड्या वेळाने ती अंतर ओरडून सांगत होती. ताई मुद्दाम दुसऱ्या बाजूला मान वळवून श्वास घेत होती.

पलीकडे पायऱ्यांवर ताई धापा टाकत बसली. धाकटीने तिला कोरडा टॉवेल दिला.

"मजा केलीस नावेत बसून," ताई म्हणाली.

"पुढच्या वर्षी चारशे."

"पाचशे."

"चारशे."

ताईने कानातलं पाणी झटकलं. "बरं. पण मग मीही चारशेला नावेत चढणार. एवढं लांब एकटीने पोहायचं, बोलायला कुणी नाही. फार कंटाळा येतो गं."